चुनखडीच्या काळ्या जमिनीत फुलझाडे: सामू सांभाळण्याची सविस्तर पद्धत

मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीचा माती परीक्षण अहवाल हातात घेतला, तर सामूच्या (पीएचच्या) रकान्यात बहुतेक वेळा ७.८ ते ८.५ यांच्यामधला आकडा दिसतो. गुलाब, शेवंती, जरबेरा या पिकांच्या माहितीपुस्तिकेत मात्र ५.५ ते ७ सामूची शिफारस असते. ही तफावत पाहून शेतकरी आणि बागप्रेमी दोघेही आधी एकच प्रश्न विचारतात, की जमिनीचा सामू खाली कसा आणायचा? माझे स्पष्ट मत असे आहे, की चुनखडीच्या जमिनीत संपूर्ण शेताचा सामू उतरवण्याच्या मागे लागणे म्हणजे पैसा आणि हंगाम दोन्ही वाया घालवणे होय. मुळांभोवतीची वीतभर माती, झाडाला मिळणारे पाणी आणि लोह ज्या रूपात दिले जाते ते रूप, या तीन गोष्टी आपल्या हातात असतात. त्या नीट सांभाळल्या, तर ८.२ सामूच्या शेतातही फुलांचे उत्पादन चांगले घेता येते.

चुनखडी सामू हलू का देत नाही

सामूची मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ही पट्टी घातांकी आहे, त्यामुळे ७ आणि ८ यांच्यातील आम्लतेचा फरक दहापट आणि ६ आणि ८ यांच्यातील फरक शंभरपट असतो. अहवालातील ‘फक्त दीड अंकाचा’ फरक त्यामुळे किरकोळ समजू नये.

आपल्याकडील काळी माती बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे. खडक झिजताना मोकळे झालेले कॅल्शियम आपल्या कमी पावसात खोलवर धुऊन जात नाही. ते चुन्याच्या रूपात मातीतच साठते, आणि नांगरटीत वर येणारे पांढरे खडे म्हणजे हाच साठा असतो. जोपर्यंत मातीत हा मुक्त चुना शिल्लक आहे, तोपर्यंत कोणतेही आम्ल टाकले तरी चुना ते खाऊन टाकतो आणि सामू पुन्हा ८.२ च्या आसपास येऊन थांबतो.

हे हिशेबानेच पाहू. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण ८ लाख किलो भरते. त्यात ५ टक्के चुनखडी असेल, तर चुन्याचेच वजन ४० हजार किलो होते. १ किलो गंधकापासून मातीत तयार होणारे आम्ल सुमारे ३.१ किलो चुना निकामी करते. म्हणजे केवळ हा वरचा थर चुनामुक्त करायला एकरी जवळजवळ १३ टन गंधक लागेल. बाजारात एकरी १० किलो गंधकाने ‘सामू कमी होतो’ असे सांगितले जाते, तेव्हा हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. ते १० किलो गंधक पिकाचे अन्न म्हणून उपयोगी पडते, हे खरेच आहे. शेताचा सामू मात्र त्याने बदलत नाही.

आधी पीक निवडा, मग खर्च करा

झेंडू, गॅलार्डिया, निशिगंध आणि ॲस्टर ही पिके ७.५ ते ८ सामूच्या जमिनीत निचरा चांगला असेल तर सहसा तक्रार करत नाहीत. दसरा-दिवाळीच्या झेंडूसाठी सामूवर वेगळा खर्च करण्याची गरज नाही. मोगरा मध्यम सोशिक आहे, पण जुन्या बागेत केवडा (लोहाअभावी कोवळी पाने पिवळी पडण्याचा विकार) धरतो. शेवंती आणि गुलाब अधिक नाजूक असून जरबेरा सर्वांत नाजूक आहे, कारण त्याला ५.५ ते ६.५ सामूचे माध्यम मानवते. घराच्या अंगणात बोगनवेल, कण्हेर, सदाफुली हमखास तगतात, तर अनंत आणि एक्झोरा यांना जमिनीत लावण्यापेक्षा कुंडीत ठेवणेच शहाणपणाचे ठरते.

गुलाबाच्या बाबतीत कलमाचा खुंट (ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधतात तो) कोणता आहे, हे रोपवाटिकेत विचारलेच पाहिजे. मल्टिफ्लोरा खुंटावरील गुलाब चुनखडीत लवकर पिवळा पडतो, तर इंडिका खुंट अशा जमिनीत बराच तग धरतो. लागवडीनंतर खुंट बदलता येत नाही, म्हणून रोप खरेदी करतानाची ही एक चौकशी पुढची अनेक वर्षे औषधपाण्याचा खर्च वाचवते.

नमुना आणि मोजणी

मातीचा नमुना एप्रिल-मेमध्ये, शेत मोकळे असताना घ्यावा, म्हणजे मृग नक्षत्रापूर्वी अहवाल हाती येतो. नागमोडी वळणाने चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्यावी. बांध, विहीर, उकिरडा आणि झाडाची सावली येथील माती घेऊ नये. सर्व माती एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहावे. माती सावलीत वाळवावी. गुलाब, मोगरा अशी अनेक वर्षांची बाग करायची असेल, तर ३० ते ६० सेंटिमीटर खोलीचा नमुना वेगळा द्यावा, कारण वरची माती बरी दिसत असताना खाली चुनखडीचा थर निघणे आपल्याकडे नेहमीचे आहे. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे तपासणीची चौकशी करता येते. नमुना देताना सामूबरोबरच क्षारता (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण), मुक्त चुना आणि लोह या तीन तपासण्या आवर्जून मागाव्यात.

घरी मोजायचे असेल तर पेनासारखा पीएच मीटर पुरतो. मातीत नुसता खुपसायचा, तीन कामे एकदम करणारा स्वस्त मीटर घेऊ नये, कारण त्याचा आकडा ओलाव्याप्रमाणे बदलतो. पेन मीटर ६.८६ आणि ९.१८ सामूच्या द्रावणांत जुळवून घ्यावा. ही पावडरची पाकिटे मीटरबरोबरच मिळतात. त्यानंतर २० ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून अर्धा तास अधूनमधून ढवळावी आणि मग मीटर बुडवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर यासाठी चालते. नळाचे किंवा बोअरचे पाणी मात्र अजिबात वापरू नये, नाहीतर मातीऐवजी पाण्याचाच सामू मोजला जाईल.

मीटर नसेल तरी चुना आहे की नाही, हे व्हिनेगरच्या काही थेंबांत कळते. कोरड्या मातीच्या ढेकळावर थेंब पडताच फसफसून बुडबुडे आले, तर चुना भरपूर आहे असे समजावे. कुंडीसाठी विकत आणलेली तांबडी माती आणि मुरूम यांचीही हीच परीक्षा घ्यावी. रंगाने तांबडी दिसणारी माती चुनामुक्त असेलच असे नाही.

अहवाल वाचताना

सामू ७.५ ते ८.५ आणि सोबत मुक्त चुना असेल, तर ती चुनखडीयुक्त जमीन आहे आणि या लेखातील उपाय तिच्यासाठीच आहेत. सामू ८.५ च्या वर गेला तर प्रकार वेगळा असतो. त्यामागे बहुधा सोडियम असते. अशी जमीन ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी होते आणि पावसाचे पाणी तिच्यावर साचून राहते. तिलाच चोपण म्हणतात. जिप्समचा खरा उपयोग तिथे आहे, तोही प्रयोगशाळेने काढून दिलेल्या मात्रेत आणि निचऱ्याची सोय केल्यावरच. साध्या चुनखडीच्या जमिनीत जिप्सम टाकल्याने सामू उतरत नाही, कारण तिथे कॅल्शियम आधीच मुबलक असते. क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे असेल तर आधी क्षार धुऊन काढण्याचा विचार करावा. लोह दशलक्ष भागांत ४.५ भागांपेक्षा कमी असेल तर ते कमतरतेच्या पातळीखाली समजतात. मुक्त चुना १० टक्क्यांवर असेल तर गुलाब आणि जरबेरा थेट जमिनीत लावू नयेत, असा माझा सल्ला आहे.

पाणी: सर्वांत दुर्लक्षित बाजू

मातीवर खर्च करणारा माणूस पाणी तपासत नाही, आणि बहुतेक बागांचे दुखणे पाण्यातच असते. आपल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट प्रत्येक पाळीबरोबर मुळांजवळ जाते आणि तिथे आम्लता टिकू देत नाही. ठिबकच्या तोटीवर जमणारा पांढरा थर, कुंडीच्या काठावरची पांढरी कड आणि फवारणीनंतर पानांवर उरणारे डाग या त्याच्या खुणा आहेत. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, की पाण्याचा सामू किती आहे यापेक्षा त्यात बायकार्बोनेट किती आहे हे महत्त्वाचे असते. ७.६ सामूच्या दोन पाण्यांपैकी एकाला चमचाभर आम्ल पुरते, तर दुसऱ्याला चौपट लागू शकते.

पाण्याच्या अहवालात बायकार्बोनेट लिटरला मिलिग्रॅममध्ये दिलेले असेल तर त्याला ६१ ने भागावे, म्हणजे मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाची गरज काढायचे एकक) मिळतात. ३६६ मिलिग्रॅम असेल तर ६ मिलिइक्विव्हॅलंट झाले. आम्ल घालून पाण्याचा सामू ६ पर्यंत आणला, की साधारण ७० टक्के बायकार्बोनेट निकामी होते, म्हणजे या पाण्यात सुमारे ४.२ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल लागते. १००० लिटर पाण्यासाठी प्रत्येक मिलिइक्विव्हॅलंटला ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल सुमारे ६८ मिली किंवा ६० टक्के नायट्रिक आम्ल सुमारे ७७ मिली लागते. त्या हिशेबाने आपल्या उदाहरणात फॉस्फोरिक आम्ल २८५ मिलीच्या आसपास किंवा नायट्रिक आम्ल ३२५ मिलीच्या आसपास होईल.

कागदावरचा हा हिशेब बादलीत पडताळून पाहिल्याशिवाय टाकीत आम्ल ओतू नये. प्लास्टिकच्या मगात ९० मिली पाणी घेऊन त्यात १० मिली आम्ल सावकाश सोडावे. नेहमी पाण्यात आम्ल घालावे. आम्लात पाणी घातले तर ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. आता बादलीत मोजून १० लिटर बोअरचे पाणी घ्यावे आणि इंजेक्शनच्या सिरिंजने हे पातळ आम्ल ५-५ मिली सोडत, प्रत्येक वेळी ढवळून मीटर वाचावा. सुरुवातीला आकडा ७.६ वरून ७.२, मग ६.९ असा उतरत जातो आणि बादलीच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. बायकार्बोनेट मोडून निघणारा तो कार्बन डायऑक्साइड वायू असतो. सामू ६.५ च्या खाली आल्यावर १-१ मिलीनेच पुढे जावे, कारण बायकार्बोनेट संपत आले की आकडा एकदम कोसळतो. ६ ला पोचेपर्यंत जितके मिली पातळ आम्ल लागले, त्याच्या १० पट मिली मूळ आम्ल १००० लिटरला लागते. बादली रात्रभर उघडी ठेवून सकाळी पुन्हा मोजली तर आकडा थोडा वर गेलेला दिसेल. वायू उडून गेल्यामुळे असे होते, त्यासाठी आणखी आम्ल घालण्याची गरज नसते.

आम्ल कोणते निवडावे, हा विचार खताच्या हिशेबासह करावा लागतो. वरच्या उदाहरणात सगळे काम फॉस्फोरिक आम्लावर सोपवले, तर १००० लिटर पाण्यामागे सुमारे १३० ग्रॅम स्फुरद मूलद्रव्य जाईल, जे रोजच्या पाण्यात फारच जास्त आहे आणि पुढे लोह व जस्त अडकवून ठेवते. नायट्रिक आम्लाने तेवढ्याच पाण्यातून सुमारे ६० ग्रॅम नत्र जाते. ते पिकाला लागतेच, म्हणून तेवढे नत्र खताच्या मात्रेतून वजा करावे. पॉलिहाऊसमध्ये मुख्य काम नायट्रिकवर आणि थोडे फॉस्फोरिकवर, अशी विभागणी मला योग्य वाटते. नायट्रिक आम्ल जाळणारे आहे, त्याची हाताळणी प्रशिक्षित माणसानेच करावी आणि ब्लीचिंग पावडरच्या जवळही ते नेऊ नये. उघड्या शेतातील झेंडू-निशिगंधासाठी एवढे काही करण्याचे कारण नाही.

घरच्या कुंड्यांसाठी किराणा दुकानातले लिंबूसत वापरता येते. आपल्या उदाहरणातल्या पाण्याला १५ लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम लागेल. मात्र मातीतले जिवाणू लिंबूसत खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट पुन्हा तयार होते, त्यामुळे हा तात्पुरता आधार समजावा. कुंड्यांसाठी खरे चांगले पाणी पावसाचे असते. आषाढ-श्रावणात पत्र्याचे किंवा गच्चीचे पाणी झाकलेल्या टाकीत साठवले, तर अनंत, एक्झोरा आणि जरबेऱ्याच्या मोजक्या कुंड्यांना ते बरेच महिने पुरते.

वाफा तयार करताना

भारी जमिनीत सपाट वाफ्यावर गुलाब किंवा शेवंती लावू नये. झडीच्या पावसात मुळांशी पाणी साचले, की मुळांचा श्वास कोंडतो, मातीत कार्बन डायऑक्साइड साठून बायकार्बोनेट वाढते आणि दोन आठवड्यांत शेंडे पिवळे पडतात. वापसा येताच (जादा पाणी निघून माती मोकळी होताच) तीच झाडे आपोआप हिरवी झालेली अनेकांनी पाहिली असतील. म्हणून ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे आणि चर हे सामू व्यवस्थापनाचेच काम आहे.

गुलाबाच्या खड्ड्यात वरच्या थराची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि चुनामुक्त तांबडी माती किंवा भरड वाळू समप्रमाणात भरावी. ९० टक्के दाणेदार गंधक शेणखतात मिसळून खड्ड्यातच, मुळांच्या पट्ट्यात द्यावे. गंधकाचे आम्ल जिवाणू तयार करतात आणि त्यांना ओलावा व ऊब लागते, म्हणून लागवडीच्या किमान दीड महिना आधी हे काम उरकावे. ८० टक्के पाण्यात मिसळणारे गंधक हे भुरीचे औषध आहे, त्याच्याशी गल्लत करू नये. पुढे नत्र देताना अमोनियम सल्फेटला पसंती द्यावी, कारण त्याने मुळांलगतची माती थोडी आम्लतेकडे झुकते.

चुलीतली राख, अंड्याची टरफले आणि चुन्याची निवळी हे उपाय हल्ली सर्रास सांगितले जातात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत त्यांना अर्थ आहे. मराठवाड्यात गुलाबाच्या बुंध्याशी राख टाकणे म्हणजे आजारी झाडाला आजाराचेच कारण खाऊ घालणे होय. हे कृपा करून थांबवावे.

केवडा दिसला तर

शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांतल्या शिरा हिरव्या, जाळीसारख्या स्पष्ट दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता असते. फार वाढल्यास पान पांढुरके होऊन कडेने जळते. खालची जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे, आणि जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियमकडे पाहावे. ही ओळख पटल्याशिवाय औषध आणू नये.

मातीत लोह भरपूर असूनही चुन्यामुळे ते विरघळत नाही. तसेच नुसते फेरस सल्फेट मातीत टाकले तर तेही थोड्याच दिवसांत निरुपयोगी होते. ते द्यायचेच असेल तर शेणखतात आठवडा-दोन आठवडे मुरवून द्यावे. लवकर गुण यावा म्हणून फवारणी करावी. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम लिंबूसत पूर्ण विरघळवावे आणि मग ५० ग्रॅम फेरस सल्फेट घालावे. क्रम उलटा झाला तर कडक पाण्यात द्रावण तांबूस होते. खडे फिकट हिरवट-निळसर असावेत. पिवळी-तपकिरी भुकटी झालेली असेल तर ते लोह बिघडलेले आहे. ताजे द्रावण संध्याकाळी फवारावे, उमललेल्या फुलांवर पडू देऊ नये कारण पाकळ्यांवर डाग पडतात, आणि ८ ते १० दिवसांनी पुन्हा फवारावे. फवारणीचा परिणाम त्या वेळी असलेल्या पानांपुरताच राहतो, नवी पालवी पुन्हा पिवळी येऊ शकते.

मुळांवाटे टिकाऊ उपाय हवा असेल तर चिलेटचा (लोहाला धरून ठेवून विरघळलेले राखणाऱ्या संयुगाचा) प्रकार पाकिटावर वाचावा. कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे १२ टक्क्यांचे चिलेटेड लोह ईडीटीए प्रकारचे असते. सामू साडेसहाच्या पुढे गेला की ते लोह सोडून देते, म्हणून ते फवारणीला चांगले पण आपल्या मातीत फुकट जाते. डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकते. ८ सामूच्या चुनखडीत टिकणारे चिलेट ईडीडीएचए हे असते आणि त्याचे द्रावण गर्द लाल दिसते. ते महाग आहे, परंतु चुनखडीत मुळांवाटे लोह द्यायचे तर तेच घ्यावे. पाकिटावर ऑर्थो-ऑर्थो (ईडीडीएचएच्या अधिक टिकाऊ रूपाचे) प्रमाण जितके अधिक लिहिलेले असेल तितके ते मातीत अधिक टिकते. ठिबकमधून किंवा बुंध्याशी आळ्यात, पाकिटावरील मात्रेनुसार द्यावे. उन्हात ते मोडत असल्यामुळे मातीआड जाईल असे पाहावे.

कुंड्या

कुंडीत सामू खरोखर आपल्या ताब्यात असतो, कारण माध्यम आपण निवडतो. काळी माती न घेता धुतलेले कोकोपीट २ भाग, गांडूळखत किंवा पानांचे खत १ भाग आणि व्हिनेगरने न फसफसणारी तांबडी माती १ भाग घ्यावी. हायड्रेंजियाचा निळा रंग हवा असेल तर माध्यमाचा सामू ५.५ च्या खाली ठेवावा लागतो. त्याशिवाय ॲल्युमिनियम झाडाला मिळत नाही आणि फुले गुलाबी येतात. बोअरच्या पाण्याने वर्षभरात कोणत्याही कुंडीचा सामू वर चढतो, म्हणून दर उन्हाळ्यानंतर वरची ५ सेंटिमीटर माती बदलावी आणि पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार धुऊ द्यावेत.

पुन्हा केव्हा मोजावे

मातीची तपासणी दोन वर्षांतून एकदा पुरते. पाण्याची तपासणी मात्र वर्षातून किमान दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा एप्रिलमध्ये करावी, कारण पातळी खोल गेली की त्याच बोअरचे पाणी अधिक क्षारयुक्त होऊ शकते. बागेला कालव्याचे आणि बोअरचे पाणी आलटून पालटून मिळत असेल, तर दोन्हींचा आम्लाचा हिशेब वेगळा लिहून ठेवावा. उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागले, तर प्रत्येक टँकर वेगळ्या विहिरीचा असू शकतो. अशा वेळी जुन्या मापाने आम्ल न घालता दर टँकरमागे बादलीतील चाचणी नव्याने करावी.